सरांचा दिवा मालवेपर्यंत

सोमवार, ११ मार्च

नोकरीला आठवडा झाला. आजपासून ही वही. तपकिरी पुठ्ठ्याची मुद्दाम घेतली, दुरून कामाची वाटते. आत्ता सहाला दहा कमी आहेत, ऑफिस साडेपाचला सुटलेलं आहे आणि आम्ही सगळे बसलेलो आहोत.

नेमणुकीच्या पत्रात स्वच्छ लिहिलंय, साडेनऊ ते साडेपाच. पहिल्या दिवशी साडेपाच झाले, मी पेनांना टोपणं लावली, कागद सारखे केले आणि पर्स खांद्याला अडकवली. खोलीतली नऊ माणसं गप्प झाली. आधीही गप्पच होती, पण हा गप्पपणा वेगळा. शेजारच्या टेबलावरचे मुद्रितं तपासणारे काका, ज्यांना सगळे वेलांटीकाका म्हणतात, मान वर न करता पुटपुटले, "ताई, बसा."

"काही राहिलंय का?"

"राहिलं काही नाही. सरांचा दिवा आहे अजून."

सर म्हणजे मुख्य संपादक. त्यांच्या खोलीच्या दारावर धुरकट काचेची पट्टी आहे. आत दिवा असला की ती पिवळी दिसते. ती काळी होईपर्यंत इथे कोणी उठत नाही. कधी साडेसहा, कधी पावणेसात, शुक्रवारी सातला दोन कमी. मी विचारलं, हे कुठे लिहिलंय का? काका माझ्याकडे असे बघायला लागले की मीच ओशाळले.

या सव्वा तासात कामही होत नाही. काम होत असल्यासारखं दिसतं फक्त. टाइप करणाऱ्या बाई एकच ओळ टाइप करून पुसतात आणि पुन्हा टाइप करतात. हिशेबनीस टाचण्यांची डबी रिकामी करून पुन्हा भरतात. काका सकाळी तपासलेलं पान परत वाचतात. मी वही लिहिते.

मंगळवार, १२ मार्च

काल मूळ गोष्ट लिहायची राहिली. बाबा.

वीस फेब्रुवारीला सकाळी दाढी करताना ते खाली बसले. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. आता शहराच्या दुसऱ्या टोकाला एका शुश्रूषागृहात आहेत. खोली क्रमांक सहा, दोन खाटा. भेटायची वेळ संध्याकाळी पाच ते सात, शनिवारी भेट बंद, रविवारी सकाळी दहा ते बारा. सातला घंटा होते आणि फाटक बंद. इथून बसने चाळीस मिनिटं. म्हणजे साडेपाचला उठले तर सव्वासहाला पोचेन, पाऊण तास मिळेल. दिवा मालवल्यावर निघाले तर फाटकाचं कुलूप बघायला मिळेल.

बोलणं शिकवणाऱ्या बाई तिथे सकाळी येतात. त्यांनी मला पहिल्याच रविवारी बाजूला घेतलं. म्हणाल्या, "हे पहिले तीन-चार महिने सोन्याचे. या काळात जे परत येतं ते येतं. मी अर्धा तास घेते, पण त्यानं भागत नाही. रोज घरचं कोणीतरी समोर बसून बोलायला हवं."

घरचं म्हणजे मी. दादा परदेशात आहे, तो फोनवर सूचना देतो.

नोकरी आत्ता सोडता येणार नाही. चौदा वर्षं कॉलेजात तासावारी समाजशास्त्र शिकवलं. पहिल्यांदा महिन्याचा पगार लागलाय, तोही सहा महिने उमेदवारी करून मग पक्का. शुश्रूषागृह त्याच्यावरच चाललंय. एवढंच लिहिते, आकडे नकोत.

बुधवार, २० मार्च

धीर करून काकांना विचारलं, सरांकडे जाऊन सरळ सांगितलं तर? वडील आजारी आहेत, साडेपाचला निघू द्या.

काका घाबरले. खरंच घाबरले. "विचारायचं नसतं, ताई. विचारलं की कळतं ना तुमच्या मनात काय आहे ते. तुमच्या टेबलावर आधी एक होती. महिनाभर साडेपाचला उठून जायची. ऐटीत."

"मग?"

"मग काय? तुम्ही आलात ना तिच्या जागी."

तिचं एक झाकण तुटलेलं डिंकाचं भांडं अजून माझ्या खणात आहे. दुपारी दोनदा खण उघडून बघितलं.

सोमवार, २५ मार्च

काल बाबांकडे. ते खिडकीशी खुर्चीत होते. शेजारच्या खाटेवर निवृत्त बस कंडक्टर आहेत, कंबरेचं हाड मोडलेले. तोंडाने ते दोघांपुरतं बोलतात. बाबांनी चमचा कपावर दोनदा वाजवला. कंडक्टरकाकांनी लगेच हात लांबवून खिडकी उघडली. एकदा वाजवला, त्यांनी रेडिओ बारीक केला. मी तोंडात मारल्यासारखी बघत राहिले.

"आमचं ठरलंय," कंडक्टरकाका म्हणाले. "एक टोला म्हणजे आवाज कमी, दोन म्हणजे हवा. तीन म्हणजे नर्सबाई येतायत, चादर नीट करा. गाडीत घंटी मारायचो तशी. तुमचे वडील फार हुशार, दोन दिवसांत शिकले."

मी प्रकरणासाठी हे टिपून घेतलं. पाठ्यपुस्तकासाठी मला लिहायला दिलेलं प्रकरण म्हणजे 'संस्कृती : अर्थ आणि मूलभूत घटक'. प्रतीकं, भाषा, मूल्यं, नियम, वस्तू. प्रतीकाला स्वतःचा अर्थ नसतो, माणसं मिळून तो देतात. दोन माणसंही पुरतात. याहून चांगलं उदाहरण कुठे मिळणार? बसमध्ये मात्र वेगळंच मनात आलं. एकेचाळीस वर्षं मी या माणसाची मुलगी आहे आणि त्यांना खिडकी उघडायची आहे हे मला तिसऱ्या माणसाने सांगितलं.

मंगळवार, २ एप्रिल

सरांचं वागणं अंगावर येतं. आज पाच पस्तीसला ते बॅग हातात घेऊन दारापर्यंत आले. दार अर्धं उघडून खोलीभर नजर फिरवली. प्रत्येकाच्या टेबलावर. आम्ही सगळे असे वाकलो होतो की जणू उद्या परीक्षा आहे. एक मिनिट उभे राहिले असतील. मग आत गेले, दार लोटलं, खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

बॅग घेऊन येतात म्हणजे आम्हाला वाटावं निघाले, कोणीतरी हुरळून उठावं आणि सापडावं. काका म्हणतात, बारा वर्षं आठवड्यातून दोनदा तरी हा प्रयोग होतो. आजवर कोणी सापडलेलं नाही.

आज सहा बावन्न.

सोमवार, १५ एप्रिल

खोलीत नवी बाई आली. नकाशे काढते, भूगोलाच्या पुस्तकांसाठी. पन्नाशीची, केस कापलेले, मोठ्याने हसणारी. साडेपाचला उठली, "चला, येते हं सगळ्यांना," म्हणाली आणि गेली. जिन्यातून तिच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

मला इतका राग आला की पेनाचं टोक कागदात रुतलं. का, ते कळत नाही. माझं काय घेतलं तिने? पण दीड महिना मी इथे बसतेय, बाबा तिथे बसलेत, आणि ही बाई पहिल्याच दिवशी अशी निघून जाते, मजेत, कोणाला काही न वाटता!

बुधवार, १७ एप्रिल

नकाशेवाली सलग तिसऱ्या दिवशी साडेपाचला गेली. जेवणाच्या सुट्टीत कोणी तिच्याशी बोललं नाही. तिने डबा उघडून सगळ्यांपुढे धरला, सगळ्यांचं पोट भरलेलं होतं. माझंही.

गुरुवार, १८ एप्रिल

शेवटी मीच गेले तिच्याकडे. कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि समजावून सांगणं ही माझी चौदा वर्षांची सवय. दुपारी नळापाशी गाठलं. अगदी गोडीत म्हटलं, "तुम्ही नव्या आहात म्हणून सांगते. इथे सरांचा दिवा जाईपर्यंत थांबतात."

"का?"

"थांबतात."

"पण काम झालं असलं तर?"

"आधीची एक जण थांबायची नाही." मी एवढंच म्हटलं. पुढचं तिचं तिला कळलं. तोंड उतरलं बिचारीचं. म्हणाली, घरी सासूबाईंना दिसत नाही, सहाला पोचून त्यांच्या डोळ्यांत औषध घालावं लागतं. मी म्हटलं, प्रत्येकाच्या घरी काहीतरी असतंच.

आज ती बसली. पावणेसातपर्यंत. नदीचा एक निळा पट्टा रंगवत होती, त्यावरून पुन्हा पुन्हा ब्रश फिरवत होती. निघताना काका मला म्हणाले, "बरं केलंत, ताई." इथे आल्यापासून पहिल्यांदा मला आपली माणसं वाटली ही.

शुक्रवार, २६ एप्रिल

प्रकरणातला नियमांवरचा भाग आज लिहून झाला आणि खरंच चांगला उतरलाय. लिहिलंय की सर्वांत बळकट नियम कायद्याच्या पुस्तकात नसतात. ते मोडणाऱ्याला तुरुंगात टाकत नाहीत. त्याच्याशी बोलणं थांबवतात, त्याच्या डब्यातलं खात नाहीत. आणि पहारेकरी वेगळा नेमावा लागत नाही, काल आलेलाच आज आलेल्यावर नजर ठेवतो. उदाहरण म्हणून नाट्यगृहातल्या टाळ्या घेतल्या. सगळ्यांचे हात दुखत असतात, पण आधी थांबायचं कोणी? प्रत्येकाला वाटतं की बाकीच्यांना अजून वाजवायच्या आहेत. मुलांना पटेल असं आहे.

मूल्यांसाठी बाबांचंच उदाहरण दिलं, नाव न घेता. ते टपाल कचेरीत पत्रं वेगळी करायचे. पिशवी बांधून तिला लाख लागल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, हे त्यांचं तत्त्व. जे आधी उठायचे त्यांच्याबद्दल ते घरी एकच शब्द वापरायचे, "उठवळ." मी सात वर्षांची असल्यापासून तो शब्द मला कधी लागू नये म्हणून जपत आलेय.

सोमवार, ६ मे

काल बोलणं शिकवणाऱ्या बाई मुद्दाम रविवारी थांबल्या होत्या. म्हणाल्या, "घसा ठीक आहे, जीभ वळते. शब्द आत आहेत. पण त्यांना गरज कुठे पडते? ते दोघं सगळं खुणांवर भागवतात. टक केलं की खिडकी, टक केलं की पाणी. मी कंडक्टरकाकांना सांगून थकले, त्यांना वाटतं आपण मदत करतोय. खुणा न ओळखणारं माणूस हवंय समोर. ज्याच्याशी बोलावंच लागेल असं."

"रविवारी येते मी."

"रविवारी दोन तासांत काय होणार? ते तुम्हाला बघून खूश होतात, हात धरून बसतात. रोज यायला हवं. अडीच महिने गेले, ताई. मे संपेपर्यंत, जून... त्यानंतर मी काही सांगू शकत नाही."

मी म्हटलं, ऑफिस उशिरा सुटतं. त्या म्हणाल्या, किती वाजता? माझ्या तोंडून निघालं, साडेपाच.

आत्ता सहा वीस. पट्टी पिवळी आहे. मी उठून जाऊ शकते. दार उघडं आहे, कोणी धरलेलं नाही. पाय जमिनीला टेकलेले दिसताहेत मला. पण ते उचलायचं म्हटलं की नऊ मानांखालून नऊ नजरा, आणि नकाशेवालीची दहावी. मी लहान मुलगी आहे का? एकेचाळिसाव्या वर्षी खुर्चीवरून उठता येत नाही म्हणजे काय?

सहा एकेचाळीसला दिवा गेला. वही मिटते.

बुधवार, १५ मे

आज एक संधी आली होती आणि मी ती वाया घालवली नाही, असं दुपारपर्यंत वाटत होतं. आता कळत नाही.

सकाळी जिन्यात सर भेटले. मी आणि ते, दोघंच. दम खात ते कठड्याला धरून उभे राहिले. त्यांना याच महिनाअखेर निवृत्ती आहे. माझं प्रकरण त्यांच्या हातात होतं. म्हणाले, "वाचलं. टाळ्यांचं उदाहरण फार आवडलं. आधी थांबायचं कोणी, हा प्रश्न मलाही पडतो."

हा टोमणा होता, मला ताबडतोब कळलं. कोणीतरी चुगली केली असणार की मला लवकर जायचं असतं. मग ते म्हणाले, "मला एक सांगा. तुम्हा लोकांची घरी कोणी वाट बघत नाही का?"

बाबांचं नाव अगदी जिभेवर आलं. आणि वाटलं, हीच ती परीक्षा. अजून साडेतीन महिने उमेदवारी आहे. मी म्हटलं, "काम आधी, सर."

"हो," ते म्हणाले. "इथे सगळे असंच म्हणतात." चेहरा एकदम म्हातारा दिसला. हळूहळू वर गेले.

पास झाले ना मी? काकांना सांगितलं तर म्हणाले, "छान उत्तर दिलंत." पण दिवसभर काहीतरी टोचतंय.

सोमवार, २० मे

काल बाबा माझा हात धरून बसले होते. मी खूप बोलले, शब्द म्हणून दाखवले, चित्रं दाखवली. ते हसले आणि कपावर चार टोले मारले. मी कंडक्टरकाकांकडे पाहिलं. ते वरमले. "चार म्हणजे... थकलो, आता पुरे. तुम्हाला नाही म्हणत हो, आमचं आपलं रात्री झोपताना असतं ते."

बाराला घंटा झाली.

शुक्रवार, ३१ मे

हे घरी लिहितेय, जेवणाच्या टेबलावर. ऑफिसात लिहायला वेळच मिळाला नाही, आज सरांचा निरोप समारंभ होता.

चारला चहा झाला. हिशेबनिसांनी भाषण केलं, काकांनी केलं. सरांना हार घातला. मग ते उठले. म्हणाले, फार बोलत नाही, एकच सांगतो, बारा वर्षं मनात आहे. "मी इथे आलो तेव्हा पहिल्या दिवशी साडेपाचला बॅग घेऊन बाहेर आलो. बघतो तर एकही माणूस जागचा हललेला नाही. सगळे माना खाली घालून कामात. मी म्हटलं, अरे, आपण साहेब, आणि आपण आधी पळायचं? ही माणसं काय म्हणतील? परत जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी तेच. बारा वर्षं तेच. किती वेळा दारापर्यंत आलो! दोघं-तिघं जरी उठलेले दिसले असते ना, तर मी तुमच्याआधी जिना उतरलो असतो. बायको आधी संध्याकाळी फिरायला जायला माझी वाट बघायची. चार वर्षांपासून एकटी जाते. आता सोमवारपासून मी तिच्याबरोबर जाणार, ती येऊ देईल तर."

सगळे खो खो हसले. काकांनी डोळे पुसले. "सर शेवटपर्यंत गमतीदार," म्हणाले.

मला हसू आलं नाही. मी त्यांना जिन्यात गाठलं. विचारलं, माझ्या टेबलावर आधी ज्या होत्या, त्यांना काढलं का होतं?

"काढलं? छे हो! तिला गावाकडच्या शाळेत कायमची नोकरी लागली. पेढे देऊन गेली मला. चांगली होती, वेळेवर घरी जायची. मला फार बरं वाटायचं. वाटायचं, हिच्यामुळे बाकीचेही सुटतील. तेवढ्यात ती गेली."

मी जिन्यात तशीच उभी राहिले. खाली फाटकाशी त्यांनी हार काढून हातात घेतला आणि घड्याळ बघितलं. साडेपाचला पाच कमी होते. ते जवळजवळ धावत गेले.

तीन महिने. आठवड्याचे पाच दिवस, रोज पाऊण तास. मी हिशेब करायला घेतला आणि सोडून दिला. कोणावर चिडू? भिंतीवर डोकं आपटावं असं वाटतंय, पण भिंतसुद्धा नव्हती तिथे.

सोमवार, ३ जून

नवे संपादक पुढच्या महिन्यात येणार. सरांची खोली रिकामी आहे. सकाळी झाडणाऱ्या मावशींनी सवयीने सगळ्या खोल्यांतले दिवे लावले, त्यांच्याही. दिवसभर काचेची पट्टी पिवळी.

साडेपाच झाले. मी मनात म्हटलं, आज बघ. आज सगळे फुर्रकन उडतील.

कोणी उठलं नाही.

पाच चाळीस. टाइप करणाऱ्या बाईंनी ओळ पुसली, पुन्हा टाइप केली. हिशेबनिसांच्या टाचण्या. मी काकांना हळूच म्हटलं, "काका, आत कोणी नाहीये."

"माहितीये की."

"मग?"

काकांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर इतका प्रामाणिक गोंधळ होता की मला त्यांची दया आली. म्हणाले, "पण आधी उठायचं कोणी?"

सहा पंचेचाळीसला काका उठले, रिकाम्या खोलीत गेले आणि दिवा बंद करून आले. पट्टी काळी झाली. सगळ्यांनी बॅगा उचलल्या.

मी काय केलं? मीही तेव्हाच उचलली. सगळं माहीत असून. प्रकरण लिहिलेली बाई मी.

मंगळवार, ४ जून

सहा पंचेचाळीस. काकांनी दिवा मालवला. कालच्यापेक्षा सराईतपणे. हिशेबनीस म्हणाले, "काका, नवे साहेब आले तरी हे काम तुमच्याकडेच राहू दे." काका लाजले, पण खूश दिसले.

नकाशेवालीला म्हटलं, "तुमच्या सासूबाईंच्या डोळ्यांचं काय करता हल्ली?" तिने माझ्याकडे बघितलं नाही. "शेजारीण घालते. कधी घालते, कधी विसरते." ब्रश पाण्यात बुडवत म्हणाली, "तुम्हीच सांगितलंत ना, प्रत्येकाच्या घरी काहीतरी असतं."

हे मी बोलले होते? वही मागे उलटून बघितली. बोलले होते. वर लिहून ठेवलंय, आणि पुढे काकांनी शाबासकी दिल्याचंही लिहिलंय.

बुधवार, ५ जून

हे परतीच्या बसमध्ये लिहितेय. अक्षर हलतंय, हलू दे.

साडेपाचला मी उठले. धाडस वगैरे काही नव्हतं. पेनांची टोपणं लावताना एक खाली पडलं, ते उचललंसुद्धा नाही. काकांनी विचारलं, "बरं वाटत नाहीये का, ताई?" मी म्हटलं, "बरं वाटतंय. घरी जायची वेळ झाली." मग नकाशेवालीच्या टेबलापाशी थांबले आणि तिला म्हटलं की मी त्या दिवशी तुम्हाला चुकीचं सांगितलं, मला माफ करा. तिच्या ब्रशमधून एक थेंब कागदावर पडला. ती उठली की नाही मला माहीत नाही. मी मागे वळून बघितलं असतं तर पुन्हा बसले असते.

सव्वासहाला खोली क्रमांक सहामध्ये पोचले. बाबा खुर्चीत होते. मला दारात पाहून त्यांचे डोळे आधी लकाकले. मग ते भिंतीवरच्या घड्याळाकडे गेले, परत माझ्याकडे आले आणि चेहरा पार बदलला. चमचा कपावर भराभर वाजायला लागला.

कंडक्टरकाका म्हणाले, "विचारतायत, नोकरीवरून काढलं का?"

"नाही, बाबा. सुटले. साडेपाचलाच सुटतं आमचं."

विश्वास बसला नाही. डाव्या हाताने दाराकडे खूण केली. पुन्हा केली, जोरात. कपाळावर ती जुनी आठी, टपाल कचेरीतली.

"म्हणतायत, परत—"

"काका," मी म्हटलं, "तुम्ही सांगू नका. मला त्यांची भाषा येत नाही."

कंडक्टरकाका माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

बाबांनी दाराकडे हात केला. मी पण दाराकडे बघितलं आणि म्हटलं, "काय हवंय, बाबा?" त्यांनी चमचा आपटला. मी म्हटलं, "खिडकी? पाणी?" ते लाल झाले. मी त्यांना इतकं छळलंय असं आयुष्यात कधी आठवत नाही, आणि मला रडू येत होतं, पण मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर ठाण मांडून बसले. ओठ हलले, नुसता वारा आला. मान ताणली. पुन्हा वारा. आणि मग, अगदी स्पष्ट, त्यांच्याच आवाजात,

"जा."

वर्तमानपत्र खाली आलं. बाबा स्वतःच दचकले. त्यांनी आपल्या तोंडाला हात लावून बघितला.

"काय म्हणालात?"

"जा!"

"कुठे जाऊ, बाबा?"

"जा... जा!" इतक्या रागाने, की बाहेरून नर्सबाई धावत आल्या. कंडक्टरकाका खाटेवरून ओरडले, "बोलले! अहो, बोलले!" आणि त्या दोघांचं काय चाललंय हे बाबांना कळेना, त्यांना एवढंच दिसत होतं की त्यांची मुलगी कामाच्या वेळी उठून आली आहे आणि सांगून ऐकत नाही.

सातला घंटा झाली तेव्हा मी उठले. तोपर्यंत बाबांनी मला अकरा वेळा जा म्हणून सांगितलं होतं आणि मी एकदाही ऐकलं नव्हतं.